वसाहती ते प्रजासत्ताक : अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या इतिहासावर मराठीत लिहायला लागल्यापासून मला प्रश्न येत राहतात. काही स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांचे असतात, काही न्यू जर्सीतल्या नातवाच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये अडलेल्या आजी-आजोबांचे, तर काही फिलाडेल्फिया-बोस्टन पाहून आलेल्यांचे. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र देते आहे. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक सांगितला आहे.

वाचताना एक लक्षात असू द्या. हा सगळा इतिहास कागदांचा आहे. सनदा, करारनामे, खरेदीखतं, मुद्रांक, मृत्युपत्रं. कागदावर काय लिहिलं आणि कुणाचं नाव त्यातून सुटलं, हे पाहिलं की बरेचसे गोंधळ आपोआप सुटतात.

१. हा काळ नेमका कधीपासून कधीपर्यंत धरायचा?

साधारण १६०७ ते १८१५. १६०७ मध्ये आजच्या व्हर्जिनियात इंग्रजांची जेम्सटाउन वसाहत उभी राहिली. १८१५ मध्ये इंग्लंडशी झालेलं दुसरं युद्ध संपलं आणि नवं प्रजासत्ताक टिकणार हे स्पष्ट झालं. याच युद्धात, २४ ऑगस्ट १८१४ रोजी, इंग्रज सैन्याने वॉशिंग्टन शहरात शिरून राष्ट्राध्यक्षांचं घर जाळलं होतं.

ही चौकट इंग्रजी वसाहतींच्या सोयीची आहे, हे मात्र विसरू नका. फ्लॉरिडातलं सेंट ऑगस्टीन स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्येच वसवलं होतं. आणि मूळ रहिवासी तर त्याच्या हजारो वर्षं आधीपासून तिथे राहत होते, शेती करत होते.

२. पहिली इंग्रज वसाहत कोणती? रोआनोक, जेम्सटाउन की प्लिमथ?

पहिला प्रयत्न रोआनोकचा, टिकलेली पहिली वसाहत जेम्सटाउनची. प्लिमथ १६२० सालची, म्हणजे जेम्सटाउननंतर १३ वर्षांनी. परीक्षेत 'पहिली कायमस्वरूपी वसाहत' असं विचारलं असेल तर जेम्सटाउन लिहा.

रोआनोक बेट आजच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर आहे. १५८५ मध्ये तिथे आलेली तुकडी वर्षभरात परत गेली. १५८७ मध्ये बायका-मुलांसह शंभरावर माणसं उतरली. त्यांचा गव्हर्नर जॉन व्हाइट मदत आणायला इंग्लंडला गेला आणि स्पेनशी युद्ध पेटल्यामुळे तीन वर्षं अडकून पडला. १५९० च्या ऑगस्टमध्ये तो परतला तेव्हा वस्ती रिकामी होती. कुंपणाच्या खांबावर एकच शब्द कोरलेला होता, 'क्रोएटोअन'. हे जवळच्या एका बेटाचं आणि तिथल्या लोकांचं नाव. व्हाइटची लेक आणि तान्ही नात त्या वस्तीत होती. त्याला त्या दोघी पुन्हा कधीच भेटल्या नाहीत.

३. जमीन सुपीक, नदीत मासे, तरी जेम्सटाउनची माणसं उपाशी का मेली?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण वसाहत म्हणजे काय ते त्यात उघडं पडतं. जेम्सटाउन राजाने वसवलेलं नव्हतं. लंडनमधल्या 'व्हर्जिनिया कंपनी' या भागीदारीतल्या कंपनीने ते वसवलं. राजाने सनद दिली, भागधारकांनी पैसे घातले आणि त्यांना परतावा हवा होता. १६०७ च्या मे महिन्यात १०४ पुरुष आणि मुलगे उतरले. त्यांत शेतकरी कमी आणि अंगमेहनतीची सवय नसलेले खानदानी लोक बरेच होते. त्यांना सोनं शोधायचं होतं.

जागाही चुकली. स्पॅनिश जहाजांपासून संरक्षण मिळावं म्हणून त्यांनी नदीतलं दलदलीचं टोक निवडलं. उन्हाळ्यात तिथलं पाणी मचूळ व्हायचं, त्यामुळे हगवण आणि ताप. त्यातच दुष्काळ. जुन्या सायप्रस झाडांच्या खोडातली वलयं मोजून शास्त्रज्ञांनी दाखवलंय की १६०६ ते १६१२ ही त्या भागातली कित्येक शतकांतली सर्वांत कोरडी सात वर्षं होती. पाउहटन या तिथल्या मूळ रहिवाशांच्या स्वतःच्या शेतात पुरेसा मका नव्हता, आणि हे पाहुणे त्यांच्याकडे धान्य मागत होते, न दिल्यास लुटत होते. शेवटी पाउहटनांनी किल्ल्याला वेढा घातला.

१६०९-१० चा हिवाळा 'उपासमारीचा काळ' म्हणूनच ओळखला जातो. घोडे, कुत्री, उंदीर, चामड्याचे बूट, सगळं खाल्लं गेलं. २०१२ मध्ये उत्खननात एका चौदा वर्षांच्या मुलीची कवटी सापडली. कपाळावर सुरीचे उथळ, चाचपडत केलेले घाव आहेत. मेलेल्या मुलीचं मांस खाल्ल्याचा तो पुरावा. वसंतात किल्ल्यात जेमतेम ६० माणसं उरली होती. ती जून १६१० मध्ये वसाहत सोडून निघालीही, पण नदीच्या मुखाशी नवा गव्हर्नर रसद घेऊन येताना भेटला आणि त्याने सगळ्यांना मागे फिरवलं.

वसाहत तगली ती तंबाखूमुळे. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास कॅरिबियन भागातलं गोडसर तंबाखूचं बी लावून पाहिलं आणि लंडनला तो माल आवडला. मग अगदी रस्त्याच्या कडेलाही तंबाखू लावली जाऊ लागली. तंबाखूला जमीन लागते आणि हात लागतात. पुढचं बरंच काही (प्रश्न ७ आणि ८) यातूनच आलं.

४. पोकाहॉन्टसचं लग्न जॉन स्मिथशी झालं होतं ना?

नाही. ती पाउहटनांच्या प्रमुखाची मुलगी, आणि स्मिथ जेम्सटाउनचा एक पुढारी. १६०७ मध्ये तो आला तेव्हा ती साधारण अकरा वर्षांची होती. १६१३ मध्ये इंग्रजांनी तिला पळवून ओलीस ठेवलं. कैदेत असतानाच तिचा बाप्तिस्मा होऊन 'रिबेका' हे नाव पडलं आणि १६१४ मध्ये जॉन रॉल्फशी, म्हणजे वर आलेल्या तंबाखूवाल्याशी, तिचं लग्न झालं. कंपनीने तिला जाहिरातीसारखं लंडनमध्ये फिरवलं. १६१७ मध्ये परतीच्या वाटेवर ती आजारी पडली आणि ग्रेव्हझेंडला वारली. वय वीस-एकवीस. 'पोकाहॉन्टस' हे लाडाचं टोपणनाव होतं. तिचं नाव माटोआका.

५. पिल्ग्रिम आणि प्युरिटन एकच का? ते धर्मस्वातंत्र्यासाठीच आले होते ना?

दोघांचाही चर्च ऑफ इंग्लंडवर, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चवर, आक्षेप होता. प्युरिटनांना त्या चर्चमध्ये राहून ते शुद्ध करायचं होतं. पिल्ग्रिम म्हणून ओळखले जाणारे लोक त्यातून बाहेर पडून, आधी हॉलंडला जाऊन राहिले होते. 'मेफ्लॉवर' जहाजातून १६२० मध्ये आलेल्या १०२ प्रवाशांत हे लोक होते, पण नुसत्या पोटापाण्यासाठी निघालेलेही होते. जहाज ठरलेल्या ठिकाणाच्या बरंच उत्तरेला लागलं, तिथे त्यांची सनद चालत नव्हती. म्हणून उतरण्याआधी ४१ पुरुषांनी आपसांत एक छोटा करार लिहून सह्या केल्या, की आपण मिळून कायदे करू आणि ते पाळू. तोच 'मेफ्लॉवर करार'. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे लोक मेले.

प्युरिटनांचा मोठा लोंढा १६३० पासून बोस्टनच्या बाजूला आला. त्यांना धर्मस्वातंत्र्य हवं होतं ते स्वतःसाठी. वेगळं मत मांडणाऱ्या रॉजर विल्यम्सला त्यांनी हाकललं, त्याने १६३६ मध्ये ऱ्होड आयलंड वसवलं. क्वेकर पंथाच्या मेरी डायरला तर १६६० मध्ये बोस्टनमध्ये फाशी दिली.

६. थँक्सगिव्हिंगची गोष्ट खरी आहे का?

पिल्ग्रिम आणि मूळ रहिवासी एकत्र जेवले, ती मेजवानी खरी. १६२१ च्या सुगीनंतर प्लिमथला तीन दिवस खाणंपिणं झालं, त्यात वांपानोग या तिथल्या मूळ रहिवाशांचे सुमारे ९० पुरुष होते. शेती शिकवणारा टिस्क्वांटम (स्क्वांटो) हाही खरा. पण तो इंग्रजी कसा बोलत होता, हे शाळेत सहसा सांगत नाहीत. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकलं होतं. तिथून सुटून, लंडनमध्ये राहून तो घरी पोचला तेव्हा साथीच्या रोगाने त्याचं अख्खं गाव मेलेलं होतं. प्लिमथ त्याच गावाच्या जागेवर उभं राहिलं.

दरवर्षीचा राष्ट्रीय सण मात्र १८६३ मध्ये लिंकनच्या घोषणेपासूनचा.

७. गोऱ्यांनी जमीन विकत घेतली की हिसकावली?

दोन्ही, आणि पुष्कळदा विकत घेण्याच्या नावाखाली हिसकावली. मूळ रहिवाशांच्या लेखी अनेकदा जमीन वापरायला दिली जायची, शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून. इंग्रजी खरेदीखतात मात्र ती कायमची जायची.

एकच उदाहरण जवळून पाहू. पेन्सिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन तिथल्या लेनापे या मूळ रहिवाशांशी सचोटीने वागला असं मानलं जातं. त्याच्या मुलांना पैशांची निकड होती. त्यांनी १६८६ सालचा म्हणून एक कागद पुढे केला. माणूस दीड दिवसात जेवढं चालेल तेवढी जमीन पेन घराण्याला, असं त्यात होतं. लेनापेंना वाटलं नदीकाठाने, थांबत, जेवत, चिलीम ओढत जेवढं चालणं होईल तेवढं. सप्टेंबर १७३७ मध्ये पेनच्या माणसांनी तीन धडधाकट चालणारे निवडले, बक्षीस लावलं आणि आधीच झाडी तोडून वाट साफ करून ठेवली. एक जण दमून बसला, दुसरा कोसळला. तिसरा, एडवर्ड मार्शल, दीड दिवसात सुमारे १०० किलोमीटर गेला. मग तिथून रेघही काटकोनात, नदीच्या वरच्या अंगाला ओढली. लेनापेंच्या हातून दहा लाख एकरांहून जास्त जमीन गेली. शब्द कागदाप्रमाणे पाळला होता, म्हणून दाद कुठे मागणार?

८. अमेरिकेत गुलामगिरी १६१९ मध्ये सुरू झाली, हे बरोबर का?

१६१९ च्या ऑगस्टअखेर 'व्हाइट लायन' हे खाजगी लढाऊ जहाज व्हर्जिनियाच्या पॉइंट कंफर्टला लागलं. पोर्तुगीज जहाजावरून लुटलेली 'वीस आणि काही' अंगोलाची माणसं त्याने रसदीच्या बदल्यात दिली. इंग्रजी वसाहतींपुरती ही सुरुवात म्हणता येते. स्पॅनिश फ्लॉरिडात आफ्रिकी गुलाम आधीपासून होते.

पण त्या दिवशी व्हर्जिनियात गुलामगिरीचा कायदा नव्हता. शेतांवर बहुतेक करारबद्ध नोकर होते. इंग्लंडहून येण्याचं भाडं मालकाने भरायचं आणि नोकराने साधारण चार ते सात वर्षं राबायचं. सुरुवातीच्या काही आफ्रिकी माणसांनीही स्वातंत्र्य मिळवून स्वतःची जमीन केली. जन्मभराची, वारशाने चालणारी गुलामगिरी कायद्याने हळूहळू रचली गेली.

१६४० मध्ये तीन नोकर एका मालकाकडून पळाले आणि पकडले गेले. दोन गोऱ्यांच्या करारात चार वर्षांची भर पडली. तिसरा, जॉन पंच, काळा होता. त्याला जन्मभर चाकरीची शिक्षा झाली. गुन्हा तिघांचा एकच होता. १६६२ च्या कायद्याने मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरू लागलं, म्हणजे मालकापासून गुलाम बाईला झालेलं मूलही त्याची मालमत्ता. १६६७ मध्ये ठरलं की बाप्तिस्मा घेतला तरी सुटका नाही. १७०५ मध्ये हे सगळं एका संहितेत बांधलं. १७९० च्या पहिल्या जनगणनेत देशाच्या सुमारे ३९ लाख लोकांपैकी जवळजवळ ७ लाख गुलाम होते.

९. त्या काळात तिथे कुणी भारतीय होतं का?

होय, आणि फार लवकर. व्हर्जिनियात नवा माणूस स्वखर्चाने आणणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन मिळे. त्यासाठी माणसांची यादी सादर करावी लागे. १६३५ सालच्या अशाच एका यादीत 'टोनी' या नावापुढे 'ईस्ट इंडियन' असं लिहिलंय. एवढीच त्याची ओळख. बहुधा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी इंग्लंडला नेलेल्या नोकरांपैकी तो असावा. पुढच्या काळात मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या कागदांत असे 'ईस्ट इंडियन' नोकर आणखी सापडतात. त्यांच्या मुलांची नोंद अनेकदा 'निग्रो' किंवा 'मुलाटो' (मिश्र वंशाचा) अशी झाली आणि मूळ पुसलं गेलं. या कागदांत नुसतं 'इंडियन' लिहिलं असेल तर तो बहुधा मूळ अमेरिकी रहिवासी समजावा.

१०. वसाहती तेराच होत्या का?

बंड केलेल्या तेरा : न्यू हॅम्पशायर, मॅसेच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, कनेक्टिकट, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, डेलावेअर, मेरीलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया. न्यू यॉर्क १६६४ पर्यंत डचांचं न्यू नेदरलँड होतं. जॉर्जिया सर्वांत शेवटची, १७३२ च्या सनदेची.

पण त्या भागात ब्रिटिशांच्या वसाहती याहून बऱ्याच होत्या. जमैका-बार्बाडोसच्या ऊसमळ्यांत गुलामांची संख्या गोऱ्यांच्या कितीतरी पट होती. उठावाच्या भीतीने तिथल्या मालकांना ब्रिटिश आरमार हवंच होतं. क्वेबेकच्या फ्रेंच कॅथलिकांना १७७४ च्या कायद्याने धर्म आणि दिवाणी कायदा राखून दिला होता. ते बोस्टनच्या प्युरिटन वारसदारांबरोबर का जातील?

आणि एक अपवाद : व्हरमाँट. ते तेरांत नव्हतं. १७७७ मध्ये त्याने स्वतःला स्वतंत्र जाहीर करून घटनेत प्रौढ माणसांच्या गुलामगिरीला बंदी घातली. १७९१ मध्ये ते चौदावं राज्य झालं.

११. इंग्लंडचे कर एवढे भारी होते का?

नाही. वसाहतीतला माणूस इंग्लंडमधल्यापेक्षा कमी कर भरत होता. फ्रान्सशी झालेल्या १७५६-६३ च्या युद्धात ब्रिटनचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं आणि वसाहतींनी आपल्या संरक्षणाचा वाटा उचलावा असं लंडनचं म्हणणं होतं.

मार्च १७६५ चा मुद्रांक कायदा आपल्याला चटकन कळतो, कारण भाडेकराराला स्टँप पेपर आणायची आपल्याला सवय आहे. वर्तमानपत्र, परवाना, मृत्युपत्र, जमिनीचा दस्त, पत्त्यांचा जोड, सगळं शिक्का मारलेल्या कागदावर हवं. आक्षेप रकमेपेक्षा हक्काचा होता. कर आमची निवडलेली सभा लावेल, जिथे आमचा एकही सभासद नाही ती पार्लमेंट नव्हे. आणि फटका बसला नेमका वकील, छापखानेवाले आणि व्यापारी यांना, म्हणजे लिहू-बोलू शकणाऱ्या वर्गाला. वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला. पण त्याच वेळी आपल्याला हवा तो कायदा करण्याचा अधिकार आहे, असा ठराव पार्लमेंटने करून ठेवला आणि भांडण तसंच राहिलं.

१२. बोस्टनच्या समुद्रात फेकलेला चहा भारतातला होता का? आणि चहा महागला म्हणून फेकला ना?

दोन्ही नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा तो चहा चीनमधला होता, कँटनहून आलेला. बराचसा 'बोही' नावाचा स्वस्त काळा चहा, थोडा हिरवा. आसामचे मळे त्यानंतर सहा-सात दशकांनी आले.

आणि १७७३ च्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता. लंडनमधला कर माफ करून कंपनीला थेट वसाहतींत विकायची मुभा दिली होती. फक्त पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर ठेवला होता. स्वस्त चहा घ्यायचा म्हणजे पार्लमेंटचा कर मान्य करायचा. शिवाय डच चहाची चोरटी आयात करणारे व्यापारी बुडणार होते.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री 'डार्टमथ', 'एलेनॉर' आणि 'बीव्हर' या तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या कुऱ्हाडींनी फोडल्या गेल्या. सुमारे ४२ टन चहा. ओहोटी होती, त्यामुळे पाणी उथळ होतं आणि चहाचे ढीग जहाजांच्या कडेला वर येऊ लागले. पोरांना ते पायाने लोटून पसरावे लागले.

भारताचा संबंध आहे, पण वेगळ्या जागी. कंपनीला ही सवलत लागली कारण ती दिवाळखोरीच्या काठावर होती, आणि त्याचं एक मोठं कारण बंगालमधला तिचा कारभार. १७७० च्या दुष्काळात तिथे लाखो माणसं मेली. ही बातमी अमेरिकेत पोचली होती. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सनने १७७३ मध्ये टोपणनावाने पत्रक काढून बजावलं की आशियात धान्याची मक्तेदारी करून माणसं मारणारी ही कंपनी आता आपल्याकडे वळली आहे.

१३. ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या ना?

स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला मंजूर झाला. बारा वसाहती बाजूने होत्या, न्यू यॉर्क तटस्थ. जॉन ॲडम्सने बायकोला लिहिलं की पुढच्या पिढ्या २ जुलै साजरा करतील. ४ तारखेला जेफरसनने लिहिलेल्या मजकुरात काटछाट होऊन तो मंजूर झाला आणि त्या रात्री छापखान्यात गेला. बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टला झाल्या, एकूण ५६. बरीचशी नावं लोकांना कळली ती जानेवारी १७७७ मध्ये, बाल्टिमोरच्या मेरी कॅथरीन गोडार्ड या बाईंनी नावांसह छापलेल्या प्रतीमुळे.

काटछाटीत गेलेला सर्वांत मोठा भाग गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर टाकणारा होता. लिहिणारा स्वतः गुलामांचा मालक होता.

१४. एवढ्या बलाढ्य ब्रिटनला त्यांनी हरवलं कसं?

सैन्य टिकवून, आणि फ्रान्सच्या मदतीने. सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन बऱ्याच लढाया हरला, पण त्याने सैन्य विखरू दिलं नाही. १७७७ मध्ये त्याने सैनिकांना देवी टोचून घ्यायला लावलं. हा निर्णय कुठल्याही लढाईइतका मोलाचा ठरला, कारण देवीच्या साथीने आधी कॅनडाची मोहीम मोडली होती. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला एक अख्खं ब्रिटिश सैन्य शरण आलं. त्यावरून फ्रान्सला खात्री पटली आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये तह झाला. १७८१ मध्ये फ्रेंच आरमाराने चेसापीक उपसागराचं तोंड अडवलं म्हणून यॉर्कटाउनला ब्रिटिश सैन्याची कोंडी जमली.

ब्रिटन तेव्हा एकाच आघाडीवर लढत नव्हता. १७७५ ते १७८२ ही वर्षं पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचीही आहेत. वडगावला जानेवारी १७७९ मध्ये महादजी शिंद्यांनी कंपनीच्या फौजेला तह करायला लावला. हैदर अलीचं नाव तर अमेरिकेत एवढं गाजलं होतं की पेन्सिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नावच 'हैदर अली' होतं. एप्रिल १७८२ मध्ये त्याने डेलावेअरच्या उपसागरात 'जनरल मंक' हे ब्रिटिश जहाज पकडलं.

१५. यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस तोच का, जो आपल्याकडे गव्हर्नर जनरल होता?

तोच. १९ ऑक्टोबर १७८१ ला त्याचं सैन्य शरण आलं. आजारी असल्याचं सांगून तो स्वतः आला नाही, दुय्यम अधिकाऱ्याला पाठवलं. पाच वर्षांनी, १७८६ मध्ये, तो कलकत्त्यात गव्हर्नर जनरल झाला. टिपूविरुद्धच्या १७९०-९२ च्या युद्धात मराठे त्याच्या बाजूने होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन सैन्य घेऊन गेले होते, आणि श्रीरंगपट्टणच्या तहात मराठ्यांना मुलूख मिळाला. १७९३ ची बंगालची कायमधारा पद्धत त्याचीच. १८०५ मध्ये तो पुन्हा आला आणि गाझीपूरला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

१६. वॉशिंग्टन १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला, मग त्याआधी देश कोण चालवत होतं? पहिला अध्यक्ष जॉन हॅन्सन, असंही वाचलं.

१७८१ पासून 'महासंघाची कलमं' ही पहिली राज्यघटना लागू होती. काँग्रेस, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींची सभा, होती, पण तिला कर लावता येत नव्हता. राज्यांकडे फक्त मागणी करायची. युद्ध लढलेल्या सैनिकांचा पगार थकलेला. १७८६-८७ मध्ये मॅसेच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेजच्या नेतृत्वाखाली न्यायालयं बंद पाडली, जप्तीचे हुकूम निघू नयेत म्हणून. मोठे लोक घाबरले ते तेव्हा.

हॅन्सन १७८१ मध्ये काँग्रेसच्या बैठकांचा अध्यक्ष होता. सभापतीसारखं पद, कार्यकारी अधिकार नाहीत. आणि कलमं लागू झाली त्या दिवशी त्या खुर्चीत सॅम्युएल हंटिंग्टन होता, त्यामुळे तो हिशेबही जुळत नाही.

१७. राज्यघटनेत 'तीन पंचमांश माणूस' असं खरंच लिहिलं होतं का?

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधी जमले. चर्चा बाहेर फुटू नये म्हणून खिडक्या बंद, दाराशी पहारा. ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवलं नाही. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या.

प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरणार होत्या. दक्षिणेला गुलाम पूर्ण मोजायला हवे होते, म्हणजे जागा वाढतील. उत्तरेतल्या अनेकांना अजिबात नको होते. तडजोड अशी झाली की स्वतंत्र माणसं पूर्ण आणि 'इतर व्यक्तीं'च्या तीन पंचमांश धराव्यात. म्हणजे हे माणसाचं मोल ठरवणारं कलम नव्हतं, मालकांची ताकद वाढवणारं होतं. ज्यांना मत नाही त्यांच्या नावावर मालकांना जास्त जागा मिळाल्या. 'गुलाम' हा शब्द त्या घटनेत एकदाही नाही. 'गुलामगिरी' हा शब्द पहिल्यांदा येतो १८६५ मध्ये, गुलामगिरी रद्द करणाऱ्या दुरुस्तीत.

नागरिकांच्या हक्कांची दहा कलमं १५ डिसेंबर १७९१ पासून जोडली गेली. राज्यांकडे बारा पाठवली होती. राहिलेल्यांपैकी एक थेट १९९२ मध्ये मंजूर झालं.

१८. वॉशिंग्टनने आपले गुलाम मुक्त केले होते ना?

मृत्युपत्रात, आणि तेही सगळे नाहीत. १७९९ मध्ये माउंट व्हर्नन या त्याच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्याच्या मालकीचे. त्यांची मुक्तता पत्नीच्या निधनानंतर व्हावी असं त्याने लिहिलं, मार्था वॉशिंग्टनने ती १८०१ च्या सुरुवातीलाच केली. बाकीचे बहुतेक मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले, ते वारसांकडे गेले. एकाच घरात नवरा सुटला आणि बायको-मुलं अडकली, असंही झालं.

राष्ट्राध्यक्ष असताना तो फिलाडेल्फियात राहत होता. पेन्सिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरच्या मालकाने आणलेला गुलाम सहा महिने तिथे राहिला तर स्वातंत्र्य मागू शकत होता. म्हणून वॉशिंग्टन सहा महिने भरण्याआधी नोकरांना राज्याबाहेर नेऊन आणत असे, कुणाला कारण कळू न देता. मे १७९६ मध्ये घरचे जेवायला बसले असताना ओना जज ही मार्थाची तरुण दासी दारातून बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला गेली. मार्था तिला नातीच्या लग्नात भेट देणार होती. वॉशिंग्टनने तिला परत आणायचे प्रयत्न केले, ती आली नाही. १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याने ती पळालेली गुलामच होती.

१९. १८०० सालच्या निवडणुकीत बरोबरी कशी झाली?

राष्ट्राध्यक्ष निवडायला राज्यांनी नेमलेले निर्वाचक मत देतात. तेव्हा प्रत्येक निर्वाचक दोन मतं द्यायचा, पहिला येईल तो अध्यक्ष आणि दुसरा उपाध्यक्ष. पक्ष निर्माण होतील हे घटनाकारांनी धरलंच नव्हतं. जेफरसन आणि त्याचाच साथीदार ॲरन बर यांना सारखीच ७३ मतं पडली. निकाल प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि ३६ व्या फेरीत, १७ फेब्रुवारी १८०१ ला, जेफरसन निवडून आला. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने दोन्ही पदांची मतं वेगळी केली. जेफरसनच्या विजयात दक्षिणेच्या वाढीव मतांचा वाटा होता, कारण निर्वाचकांची संख्या राज्याच्या प्रतिनिधिगृहातल्या जागांवर ठरत होती. त्या जागा कशा वाढल्या ते प्रश्न १७ मध्ये आहे.

२०. स्त्रियांना मताचा हक्क १९२० पर्यंत नव्हताच, बरोबर?

देशपातळीवर बरोबर, पण न्यू जर्सी अपवाद आहे. तिथल्या १७७६ च्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेले 'सर्व रहिवासी' मतदार होते. पुरुष किंवा गोरे असा शब्द नव्हता. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची होत असल्याने मत द्यायच्या त्या अविवाहित स्त्रिया आणि विधवा. १७९० आणि १७९७ च्या कायद्यांत तर मतदाराबद्दल 'तो किंवा ती' असं स्पष्ट लिहिलंय. मालमत्ता असलेले स्वतंत्र काळे रहिवासीही मत देत. १८०७ मध्ये विधिमंडळाने नियम बदलून मत फक्त गोऱ्या पुरुष करदात्यांपुरतं ठेवलं.

२१. वॉशिंग्टनच्या जन्मतारखा दोन का दिसतात? कोणती लिहू?

परीक्षेत २२ फेब्रुवारी १७३२ लिहा. जन्म झाला त्या दिवशी घरच्या कॅलेंडरवर मात्र ११ फेब्रुवारी १७३१ होती. शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद ऐकलेल्या वाचकाला हे समजायला जड जाणार नाही.

ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं आणि नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणून फेब्रुवारी आधीच्याच वर्षात मोडायचा. १७५२ मध्ये नवं कॅलेंडर आलं, २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरला गेला आणि वर्ष १ जानेवारीपासून मोजलं जाऊ लागलं. सतराव्या शतकातल्या तारखांत हा फरक दहा दिवसांचा पडतो. मेफ्लॉवर कराराची तारीख एका पुस्तकात ११ नोव्हेंबर आणि दुसऱ्यात २१ नोव्हेंबर १६२० दिसली, तर दोन्ही बरोबर आहेत. जुने कागद वाचताना १ जानेवारी ते २४ मार्च या दिवसांसमोर '१७३१/३२' असं जोडवर्ष दिसलं तर तेही याचमुळे.